कोऱ्या पत्र्यातून उभे राहणारे इंजिन

आमच्या चोपड्यात रेल्वे नाही. गाडी पकडायची तर तापी ओलांडून धरणगाव, अमळनेर नाहीतर जळगाव गाठावे लागते. तरीही इथल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या कानात वाफेच्या इंजिनाची शिट्टी अजून आहे. भुसावळला एकही नातेवाईक नाही असे घर खानदेशात विरळाच. कोणाचे मामा तिथे फायरमन होते, कोणाचे आजोबा शेडमध्ये फिटर, तर कोणाचे काका खलाशी. त्यांच्या अंगाला येणारा कोळशाचा आणि तेलाचा वास हीच कित्येक घरांची ओळख होती.

आज शाळेत जाणाऱ्या मुलाला मात्र हे इंजिन चित्रातूनच माहीत आहे. विदर्भातील यवतमाळ-मूर्तिजापूर या मार्गावरील ‘शकुंतला’चे वाफेचे इंजिन एप्रिल १९९४ मध्ये निवृत्त झाले. ब्रॉडगेजवरची नेहमीची वाफेची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये पंजाबात शेवटची धावली. आमच्या जिल्ह्यातील पाचोरा-जामनेर ही सुमारे ५६ किलोमीटरची नॅरोगेज गाडी तर २०२० च्या टाळेबंदीत थांबली, ती त्या जुन्या रुळांवर परत आलीच नाही.

मग हे इंजिन मुलांना दाखवायचे कसे? आमचे उत्तर असे आहे की, दाखवू नका, त्यांच्याकडून करून घ्या. लहान आकाराचे, पण मापात बरोबर असलेले वाफेचे इंजिन आणि त्याच्यामागचे कोळसा-पाण्याचे टेंडर कोऱ्या पत्र्यातून, पितळेच्या पट्टीतून आणि लोखंडाच्या सळईतून करता येते. जगात हजारो लोकांनी ते केले आहे. बाजारातून सुट्या भागांची पेटी आणून ते जोडणे निराळे, आणि प्रत्येक भाग स्वतः मोजून, कापून, कानस मारून घडवणे निराळे. या लेखात आम्ही दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहीत आहोत.

विकत घेतलेल्या इंजिनाचे उदाहरण ग्वाल्हेरला आहे. तिथल्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या लांबलचक टेबलावर चांदीची छोटी आगगाडी फिरत असे. पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया आणि सिगार नेऊन थांबणारी ही गाडी माधवराव शिंदे महाराजांच्या हौसेतून आली, आणि ती घडली विलायतेच्या कारखान्यात. आजही लोक ती कौतुकाने पाहतात. पण ती गाडी ओढणारे इंजिन कसे चालते हे त्या टेबलाशी बसलेल्या किती जणांना सांगता आले असते?

आता हाताने करणाऱ्यांची उदाहरणे पाहा. मुंबईच्या जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी यांनी १८३३ च्या सुमारास एक अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन स्वतः बांधले आणि विहिरीचे पाणी बागेत चढवले. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे त्यानंतर वीस वर्षांनी. पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळवणारे अर्देशीर हे पहिले भारतीय ठरले.

इंग्लंडचा जॉर्ज स्टीफन्सन हा कोळशाच्या खाणीवर इंजिनाची भट्टी पेटवणाऱ्या मजुराचा मुलगा. अठराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. दिवसभर राबून रात्रीच्या शाळेला पैसे भरून तो अक्षरे शिकला. सुट्टीच्या वेळी खाणीवरचे इंजिन खोलून, पुसून, पुन्हा जोडून तो यंत्र शिकला. १८२९ मध्ये शर्यत जिंकलेले ‘रॉकेट’ हे इंजिन स्टीफन्सन पितापुत्रांच्या कारखान्यात तयार झाले.

तिसरे उदाहरण थेट आमच्या विषयाचे. ‘एल.बी.एस.सी.’ या टोपणनावाने लिहिणारा एक इंग्रज कारागीर १९२४ पासून ‘मॉडेल इंजिनिअर’ या साप्ताहिकात लेख लिहू लागला. इतके लहान इंजिन कोळशावर चालून माणसाला ओढू शकणार नाही, असे तेव्हाचे जाणकार म्हणत. त्याने अडीच इंच रुंदीच्या रुळांवरचे आपले ‘आयेशा’ हे इंजिन आणले आणि सर्वांदेखत माणसे ओढून दाखवली. पुढे चाळीसेक वर्षे तो साध्या भाषेत, इथे कानस अशी धरा, तिथे भोक असे पाडा, अशा शब्दांत सामान्य माणसाला इंजिन बांधायला शिकवत राहिला. महागड्या यंत्रांचा धाक त्याने वाचकाला कधी घातला नाही.

आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभारले. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. तिथल्या गाड्या मूळ गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतक्या आहेत. पुण्याला जाणाऱ्यांनी मुलांना घेऊन ते जरूर पाहावे.

या सगळ्यात आम्हाला आमचा इतिहासही आठवतो. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. त्यांनी तिथे रेल्वेतील आपल्या माणसांची स्थिती एकेका खात्यानुसार मांडली. आपला माणूस जन्मभर गँगमन राहतो, हमालाची जागाही त्याला सहजी मिळत नाही, कारकुनी मिळत नाही, आणि कारखान्यात तो मेकॅनिक म्हणून क्वचितच दिसतो, कुलीच राहतो, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे इंजिन पुसायला आपला हात चालत होता, पण त्याच हातात गेज आणि नकाशा दिला जात नव्हता. पुढे आपली माणसे फिटर झाली, ड्रायव्हर झाली, चार्जमन झाली. ते ज्ञान झगडून घरात आले आहे. ते निवृत्तीच्या कागदांबरोबर ट्रंकेत बंद होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. इंजिन कोणते निवडावे? आम्ही डब्ल्यू.जी. सुचवतो. स्वतंत्र भारतात देशभर मालगाड्या ओढणारे हे इंजिन. १९५० ते १९७० या काळात अशी २,४५० इंजिने तयार झाली. चित्तरंजनच्या कारखान्यातून १ नोव्हेंबर १९५० रोजी बाहेर पडलेले पहिले इंजिन याच जातीचे, त्याचे नाव ‘देशबंधू’. तिथल्या अखेरच्या डब्ल्यू.जी.ला ‘अंतिम सितारा’ हे नाव मिळाले. पुढे एक लहान आस, मध्ये चार मोठ्या चाकांचे आस, मागे पुन्हा एक लहान आस, अशी त्याची रचना. इंजिन सरळ रेषांचे आहे, त्यामुळे पत्र्यात उतरवायला सोपे जाते.

माप ठरवताना आम्ही ‘एका फुटाला अर्धा इंच’ हे प्रमाण धरतो. म्हणजे मूळ इंजिनाचा चोविसावा भाग. याचा फायदा असा की फुटांचा आकडा निम्मा केला की इंच मिळतात, गणित तोंडी होते. ब्रॉडगेजचा रूळ साडेपाच फूट, आपला पावणेतीन इंच. डब्ल्यू.जी.चे मोठे चाक पाच फूट दीड इंच व्यासाचे, आपले अडीच इंच आणि अर्धे सूत. पाचोरा-जामनेरचा रूळ अडीच फूट, त्याचा आपला सव्वा इंच. इंजिन आणि टेंडर मिळून लांबी सव्वातीन फुटांच्या आसपास येते, म्हणजे घरातल्या बाकावर मावते. ज्या मुलाला अपूर्णांकाचा कंटाळा येतो, त्याला ही मापे काढायला बसवावे. पावणेतीन आणि अडीच यांतला फरक त्याला वहीत कळणार नाही, पण चाक रुळावरून घसरले की चटकन कळेल.

पहिले काम नकाशाचे. जाड कागदावर पूर्ण मापाचे चित्र काढायचे, एक बाजूने, एक वरून आणि एक समोरून. घाई करणारा इथेच फसतो. पत्रा एकदा कापला की परत जुळत नाही, कागद मात्र खोडरबराने दुरुस्त होतो. चित्रावर प्रत्येक आसाचे अंतर, प्रत्येक भोकाची जागा लिहून ठेवावी. जमाखर्चाची सवय असलेल्या आमच्यासारख्या कारकुनाला हे काम जवळचे वाटते. सुटे आकडे आणि एकूण बेरीज यांचा मेळ बसलाच पाहिजे.

दुसरे काम टेंडरचे. नवख्याने इंजिनाला आधी हात लावू नये, टेंडर आधी करावे. टेंडर म्हणजे चाकांवरची पेटी. पुढच्या भागात कोळसा, मागे आणि खाली पाणी. त्यात हलणारे भाग चाकांखेरीज नाहीत. पण पत्रा आखणे, कापणे, काटकोनात वाकवणे, झाळणे, भोके पाडणे, रिव्हेट बसवणे, हे सगळे हात त्यावर बसतात. आमच्या वस्तीतल्या मुलांनी रिकाम्या तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून टेंडर केले, तेव्हा ते पाण्याने भरून रात्रभर ठेवले. सकाळी खाली ओल दिसली की कोणता सांधा कच्चा ते कळे. चार वेळा झाळल्यावर पाचव्या सकाळी खालचा कागद कोरडा निघाला. त्या दिवशी मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते कोणत्याही बक्षिसाने आले नसते.

रिव्हेटसाठी एक साधी युक्ती आहे. पत्रा शिशाच्या किंवा मऊ लाकडाच्या तुकड्यावर ठेवून मागून बोथट खिळ्याने हलका ठोका द्यायचा. पुढच्या बाजूला रिव्हेटच्या डोक्यासारखा उंचवटा येतो. ओळ सरळ यावी म्हणून पट्टी लावावी. डब्याचा पत्रा कापताना हातमोजे घालावेत आणि कडा कानशीने मारून घ्याव्यात, हे आयांनी मुलांना बजावून सांगावे.

तिसरे काम सांगाडा आणि चाके. दोन्ही बाजूंच्या सांगाड्याच्या पट्ट्या एकमेकींवर घट्ट बांधून एकदमच भोके पाडायची, म्हणजे डावी-उजवी सारखी होतात. चाकांना लेथ लागते. ती घरात नसते, पण तालुक्याच्या गावी टर्नर असतोच. सगळी चाके एकाच वेळी, एकाच मापाने कातून घ्यावीत. चार आसांच्या चाकांना जोडणारा दांडा आणि आसांमधले अंतर यांत तिळभरही फरक राहिला तर इंजिन दर फेऱ्याला अडखळते.

इथे सगळ्यात नाजूक गोष्ट येते. इंजिनाला डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन दट्टे असतात. दट्ट्या पुढच्या किंवा मागच्या टोकाला पोचला की तिथे त्याचा जोर चाक फिरवू शकत नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी टोकाला आल्या तर गाडी जागची हलणार नाही. म्हणून डाव्या चाकावरची खुंटी वर असेल तेव्हा उजवीकडची पुढे किंवा मागे, असा काटकोन ठेवतात. एक बाजू अडली की दुसरी ओढून नेते. छोट्या इंजिनात हा कोन अगदी नव्वद अंशांचा नसला, थोडा कमी-जास्त असला, तरी चालून जाते. पण चारही आसांवर तो तंतोतंत तोच असला पाहिजे. एका आसाचा कोन वेगळा झाला की दांडे एकमेकांशी भांडतात. अनुभवी लोक त्यासाठी लाकडाचा किंवा लोखंडाचा एक साचा करतात आणि प्रत्येक आस त्याच साच्यात बसवतात.

चौथे काम बॉयलरचे, आणि इथे आम्ही सर्वांना सावध करतो. आपल्या घरचा कुकर साधारण १५ पौंड दाबावर शिजवतो. डब्ल्यू.जी.च्या बॉयलरचा दाब २१० पौंड, म्हणजे कुकरच्या चौदा पट. पाण्याची वाफ झाली की मोकळ्या हवेत तिला सुमारे सोळाशे पट जागा लागते. ती जागा न मिळाल्यामुळेच तिच्यात गाडी ओढण्याची ताकद येते, आणि त्याच कारणाने भांडे फुटते. म्हणून तेलाच्या डब्याचा, पावडरच्या डब्याचा किंवा प्लॅस्टिकच्या नळीचा बॉयलर करून त्याखाली विस्तव कधीही लावू नये.

खरी वाफ हवी असेल तर बॉयलर तांब्याचा करतात. कथलाची साधी झाळ १८३ अंशांच्या आसपास सुटू लागते, म्हणून सांधे चांदीच्या झाळीने भरतात. ती वितळायला सहाशे अंशांहून जास्त उष्णता लागते. तयार बॉयलर आधी थंड पाण्याने पूर्ण भरून, नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाब पंपाने देऊन तपासतात. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर फक्त पिचकारी उडते, स्फोट होत नाही. त्यावर पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी आणि जास्तीची वाफ सोडणारी झडप हवीच. हे काम जाणत्या फिटरच्या देखरेखीखालीच व्हावे. मुलांच्या पहिल्या इंजिनात बॉयलर पोकळ नळीचा, केवळ देखाव्याचा ठेवावा आणि आत बॅटरीवरची छोटी मोटर बसवावी. दांडे तसेच फिरतात, शिकायचे ते सगळे शिकून होते.

लहान बॉयलर करताना आणखी एक धडा मिळतो. लांबी चोविसाव्या भागाइतकी झाली की पृष्ठभाग ५७६ व्या भागाइतका आणि आतली जागा १३,८२४ व्या भागाइतकी होते. म्हणजे पाणी खूपच कमी होते, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग तितका कमी होत नाही. खऱ्या इंजिनात धूर वाहून नेणाऱ्या दोन-सव्वादोन इंची नळ्या शेकड्याच्या हिशेबात असतात. त्या प्रमाणात लहान केल्या तर एक सूतही भरत नाहीत, काजळीने लगेच तुंबतात. म्हणून लहान इंजिनात मोजक्या आणि जाड नळ्या घालतात. बाहेरचा आकार आपण लहान करू शकतो, आग आणि पाणी मात्र आपल्याच नियमाने वागतात. हे एकदा समजलेले मूल विज्ञानाचे पुस्तक पाठ करीत बसत नाही.

हत्यारे फार लागत नाहीत. दोन-तीन कानशी, लोखंडी करवत, पत्रा कापायची कात्री, गुण्या, कंपास, हातड्रिल, झाळायची कैया आणि एक बाकशेगडा एवढ्यावर टेंडर होते. बाकशेगडा नसेल तर गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडचा वापरावा. एकट्याने करण्यापेक्षा पाच-सहा घरांनी मिळून करावे. एकाने नकाशा, एकाने टेंडर, एकाने चाके. मुलींना यातून वगळू नये. बारीक माप, सुबक टाका आणि धीर ही ज्यांची सवय आहे, त्यांच्या हातची झाळ नीटच येते. आणि काम वर्षभर चालेल हे आधीच समजून घ्यावे. दर रविवारी दोन तास, एवढाच नेम पुरे आहे.

इंग्लंडमध्ये ‘टॉर्नेडो’ नावाचे पूर्ण आकाराचे नवे वाफेचे इंजिन सामान्य लोकांच्या वर्गणीतून बांधले गेले. १९९० मध्ये ठरले आणि २००८ मध्ये ते धावले. त्या जातीचे एकही जुने इंजिन शिल्लक नव्हते. तरीही ते उभे राहिले, कारण मूळ नकाशे जपून ठेवलेले होते आणि त्या कामाची माहिती असलेली माणसे अजून होती. नकाशा आणि माणूस, दोन्ही हवेत.

आमच्याकडे माणसे अजून आहेत. १९८५ साली पंचविशीत असलेला फायरमन आज पासष्टी ओलांडत आहे, आणि त्याला शिकवणारे ड्रायव्हर ऐंशीच्या पुढे गेले. कोळसा भट्टीत कोणत्या कोपऱ्यात टाकायचा, शिट्टीच्या आवाजावरून दाब कसा ओळखायचा, दांड्याचा खुळखुळ कानाने कसा पकडायचा, हे पुस्तकात नाही. मुलगा हातात अर्धवट टेंडर घेऊन जाईल आणि विचारेल, ‘आजोबा, हा पाण्याचा पाइप इंजिनाला कुठे जोडतात?’ तेव्हाच ते बोलू लागतील. नुसते ‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हटले तर दोन वाक्यांत संपवतात.

तेव्हा भुसावळ, मनमाड, पाचोरा, नंदुरबार येथील आमच्या बंधू-भगिनींना विनंती आहे की, ज्यांच्या घरी रेल्वेतून निवृत्त झालेले वडीलधारे आहेत त्यांनी त्यांच्या जुन्या वह्या, फोटो आणि नकाशे रद्दीत घालू नयेत. आणि मुलांसाठी सुरुवात अगदी लहान आहे. एक जाड पुठ्ठा घ्या, त्यावर कंपासने अडीच इंच अर्ध्या सुताचे वर्तुळ काढा, कापा, मध्यभागी भोक पाडा. अशी आठ वर्तुळे झाली की डब्ल्यू.जी.ची मोठी चाके झाली. येत्या रविवारी एवढे करावे.